दुपारच्या रिकाम्या फेऱ्या

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. टायरच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, पाच टेबलं आणि एक गळका एसी, एवढाच त्या सल्लागार कंपनीचा पसारा. पण शहराच्या बससेवेनं सगळ्या मार्गांची फेरआखणी करायचं काम त्यांना दिलं होतं, आणि कुठली बस कितपत भरते, कुठली नुसतीच पळते, हे तिच्याइतकं तोंडपाठ कुणालाच नव्हतं.

तिच्याच अहवालावरून नऊ नंबरच्या दुपारच्या चार फेऱ्या बंद झाल्या होत्या. बारा ते पावणेचार या वेळातल्या. तिच्या तक्त्यात त्या फेऱ्यांचं भारमान, म्हणजे शंभर जागांपैकी किती भरल्या तो आकडा, अकरा होतं. अकरा म्हणजे हवा वाहून न्यायची. त्या फेऱ्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला लावले, तिकडची ओरड थांबली, वर्तमानपत्रात चार ओळी कौतुकाच्या आल्या. थोरल्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, ऑफिसात आइस्क्रीम मागवलं.

तीन महिन्यांनी आढाव्याचा अहवाल द्यायचा होता. त्याच्या मुखपृष्ठासाठी नऊ नंबरच्या शेवटच्या थांब्यावरच्या नव्या निळ्या फलकाचा फोटो हवा होता. ती स्वतःच गेली, आणि मुद्दाम दुपारी दोनला गेली. त्या वेळी थांबा मोकळा असणार, फलक नीट दिसणार, असा तिचा हिशोब.

थांबा मोकळा नव्हता.

तो थांबा मोठ्या सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर होता. बाकावर माणसं दाटीनं बसली होती. जागा न मिळालेली पदपथाच्या कडेला, नाहीतर कुंपणाच्या भिंतीच्या वीतभर सावलीत पाठ टेकून. एक बाई पिशवी उशाला घेऊन चक्क आडवी झाली होती. तिनं सवयीनं मोजलं. तेवीस.

बाकाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ डावा हात छातीशी धरून बसले होते. कोपराच्या आत कापसाची पट्टी होती.

"काका, बस कितीची आहे?" तिनं विचारलं.

"पावणेचारची. दहा मिनिटं उशीर धरा."

"मग एवढ्या लवकर येऊन बसलात?"

"लवकर कुठं? आमचं रक्त धुऊन होतं दीड-दोनला. बस येते पावणेचारला. मधल्या वेळात रस्ता बघायचा." ते हसले. "पूर्वी दोनच्या आतबाहेर एक गाडी होती, पावणेतीनला दुसरी. बंद केल्या. रिकाम्या जातात म्हणे. कुणीतरी शहाण्यानं खुर्चीत बसून मोजलं असणार."

"रिकाम्या जात नव्हत्या?"

"ताई, मी कित्येकदा उभ्यानं गेलोय. सुया टोचलेल्या हातानं दांडा धरवत नाही, म्हणून चांगलं लक्षात आहे."

"पण तिकिटं तर—" ती बोलून गेली.

"तिकीट कोण काढतंय इथं?" त्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं. "पेशंटचा पास. सोबतच्या माणसालाही फुकट. कंडक्टर बघतो, मान हलवतो, पुढं जातो."

दुपारचे सगळे आकडे तिनं तिकीट यंत्रातून घेतले होते. गाडीत चढून माणसं मोजायचं काम फक्त सकाळ-संध्याकाळचं होतं; दुपारसाठी माणसं मिळाली नव्हती. आणि मान हलवल्याची नोंद कुठलंच यंत्र करत नाही.

गृहस्थ बोलत राहिले. ते शिंपी होते, चाळीस वर्षं कोट शिवले होते, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचे. ती हूं हूं करत राहिली. ती फेरी आपणच बंद केली, हे सांगायला तिची जीभ उचलली नाही. फोटो न काढताच ती परतली.

ऑफिसात येऊन तिनं जुना अहवाल उघडला. परिशिष्ट, पान त्र्याऐंशी, सगळ्यात खाली बारीक अक्षरात: दुपारचे आकडे केवळ तिकीट यंत्रावर आधारित आहेत. टीप तिनंच लिहिली होती. म्हणजे तिला माहीत होतं. हे कळल्यापासून तिला एका जागी बसवेना.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा बोटीवर इंजिनियर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली होती. आवाज अजून खणखणीत होता आणि नजर त्याहून.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. ही नववी खेप. तुमची बससुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाही."

ती थांबली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सासूबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "मग साहेबांना सांग."

"सांगणार आहे, आई. पण काय सांगू? तेवीस माणसं बघितली, एका दिवशी? ते हसतील."

"हसू देत. सांग तर आधी."

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, ही जास्त वाईट खूण होती.

"अहो, अहवाल स्वीकारला गेलाय. अंमलबजावणी झालीय. पुढच्या टप्प्याचं काम आपल्यालाच मिळेल अशी चिन्हं आहेत. आणि आता आपणच उठून म्हणायचं, की आमचं चुकलं?"

"चुकलंच आहे, साहेब."

"एका दुपारवरून?"

"मग मला आठ दुपारी द्या."

"कंपनीच्या नावानं नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "रजा टाका, काय मोजायचं ते मोजा. मी काही ऐकलेलं नाही."

रजा तीनच दिवसांची शिल्लक होती. बाकीचे पाच दिवस कोण बसणार, याचा विचार ती करत असताना सासूबाई म्हणाल्या, "मी बसते की. टेलिफोन ऑफिसात दिवसाला चारशे कॉलच्या रेघा मारत होते. चार उभ्या, पाचवी आडवी. माणसं काय, कॉलपेक्षा सोपी. मधेच कट तरी होत नाहीत."

पहिले तीन दिवस तिनं रस्त्याच्या पलीकडून, काकांच्या नजरेला न पडता मोजलं; मग सासूबाई वही, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन जाऊ लागल्या. रोज चारच्या पुढं घरी यायच्या त्या आकड्यांबरोबर माणसं घेऊनच. कुणाची मुलगी रजा मिळत नाही म्हणून येत नाही, कुणाला उन्हात भोवळ येते, कोण तिघं मिळून टॅक्सी करतात, कुणी त्या बसच्या नादी लागण्यापेक्षा चालतच जातो. "एकतीस," त्या सांगायच्या. "आज चौतीस, आणि त्यातल्या एकीला मी माझी खुर्ची दिली."

सहाव्या दिवशी ऑफिसातून कसाबसा तासभर काढून ती थांब्यावर पोचली. सासूबाई वही मिटून बसल्या होत्या.

"काय झालं?"

"त्यांनी विचारलं, रेघा कशासाठी मारता? मी सांगितलं." सासूबाईंनी शिंपीकाकांकडे बघितलं. "सगळंच सांगितलं गं. माझ्या सुनेनंच बंद केल्या, आता तिलाच चैन पडत नाहीये, म्हणून."

शिंपीकाका बाकावरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"खुर्चीत बसून मोजणारं माणूस ते तुम्हीच का?"

"हो."

"त्या दिवशी माझ्याशी पाऊण तास बोलत होतात."

"हो, काका."

"आणि एक शब्द बोलला नाहीत."

तिनं मान खाली घातली. आजूबाजूची माणसं आता ऐकत होती.

"कापड चुकीचं कापलं गेलं तर मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "चाळीस वर्षांत सात वेळा झालं असेल. सातही वेळा सांगितलं. शिव्या खाल्ल्या. पण कापड लपवलं नाही."

"मी दुरुस्त करायला बघतेय."

"बघा." ते थांब्याच्या सावलीतून बाहेर पडले आणि पलीकडे विजेच्या खांबाजवळ, उन्हात जाऊन उभे राहिले. बस येईपर्यंत तिथंच उभे होते. ती बसायला सांगायला गेली असती, पण आपल्यामुळेच ते उन्हात गेलेत हे तिला कळत होतं.

त्यानंतरचे दोन दिवस ते आले नाहीत; त्यातला एक तर त्यांच्या डायलिसिसचा वार होता. सासूबाईंनी वहीत रेघा मारल्या, पण त्या दोन्ही दिवशी घरी आल्यावर त्यांनी गोष्टी सांगितल्या नाहीत.

आढाव्याची बैठक वाहतूक विभागाच्या लांबट खोलीत झाली. टेबलाच्या टोकाला मुख्य अधिकारी बाई, डोक्यावर सरकवलेला चष्मा, समोर थंड झालेला चहा. भिंतीलगतच्या खुर्चीत आगारातले वेळापत्रक बनवणारे अण्णा, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. साहेब तिच्या शेजारी होते. पडद्यावर एकेक पान सरकत होतं आणि ती वाचून दाखवत होती. मुद्दा चौदावा आला: दुपारच्या फेऱ्या बंद, प्रवाशांवर परिणाम नगण्य.

ती थांबली.

"हे वाक्य खरं नाही," ती म्हणाली. "मीच लिहिलंय, पण खरं नाही."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "बाईंना असं म्हणायचंय की आणखी अभ्यासाला वाव—"

"साहेब, मला काय म्हणायचंय ते मीच सांगते." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता आलं नसतं. तिनं वही टेबलावर ठेवली. पास, तिकीट यंत्र, आठ दुपारींच्या रेघा, सरासरी एकतीस माणसं, ज्यांच्यातली निम्मी उठायला आधार लागणारी.

अधिकारी बाईंनी वही उलटीपालटी केली. "हे मोजलं कुणी?"

"तीन दिवस मी. पाच दिवस माझ्या सासूबाईंनी."

कुणीतरी खुसखुसलं. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे तीन महिन्यांपूर्वी तुम्ही आम्हाला चुकीचा सल्ला दिलात."

"हो. एक टीप होती, पण त्र्याऐंशीव्या पानावर. ती पहिल्या पानावर हवी होती."

भिंतीकडून अण्णा खाकरले. "मॅडम, मी तेव्हाच म्हणालो होतो, ती दवाखान्याची गाडी आहे. पण माझ्या म्हणण्याला तक्ता नव्हता."

अधिकारी बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "एक महिना. एक पन्नास आणि दोन चाळीस, अशा दोन फेऱ्या. कंडक्टरनं पासवाले कागदावर मोजायचे. सरासरी वीस माणसं आली तर ती फेरी राहील. नाहीतर नाही. मला पुन्हा कुणाच्या सासूबाई नकोत."

जिन्यात साहेब तिच्या दोन पायऱ्या खाली चालत होते. "मला आधी सांगायचं होतंत," ते म्हणाले.

"सांगितलं होतं."

ते थांबले, वळले नाहीत. "हो. सांगितलं होतंत." दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसऱ्या कामाची फाइल आली: बाजारपेठेत मोटारी उभ्या करायच्या जागांची मोजणी. बसचं काम पलीकडच्या टेबलावर गेलं. या वेळी आइस्क्रीम आलं नाही.

पहिल्या दिवशीच्या एक पन्नासच्या बससाठी तिनं अर्धी सुट्टी घेतली. बस वेळेवर आली. दार उघडलं. सहा माणसं चढली.

"सहा," कंडक्टर कागदावर लिहीत म्हणाला. दोन चाळीसला चार.

मग तिला लख्ख कळलं, की बस सुरू झाल्याचं कुणाला माहीतच नव्हतं. तीन महिन्यांत लोकांनी आपापली सोय लावून घेतली होती. कुणी टॅक्सीचे गट केले होते, कुणी वेळ बदलून घेतली होती, आणि उरलेले पावणेचारच्या हिशोबानं आतच व्हरांड्यात लवंडलेले होते. फेरी सुरू करायचा हुकूम निघाला होता, तो लोकांच्या कानापर्यंत पोचवायचा हुकूम कुणी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्याच्या डायलिसिस विभागात गेल्या.

"इथं कागद लावायचा तर वरून परवानगी लागते," तिथल्या सिस्टर म्हणाल्या.

"बोलायला लागते का?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलायला नाही."

सासूबाई बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि एकतीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "नऊ नंबरची बस. एक वाजून पन्नास मिनिटं. दोन वाजून चाळीस मिनिटं. कालपासून सुरू." लवंडलेली माणसं उठून बसली. रोज तीन वेळा त्या हे सांगू लागल्या. नऊ माणसं झाली, मग चौदा, मग एका दुपारी सव्वीस.

त्यांत शिंपीकाका नव्हते. शेवटी तिनं सिस्टरना विचारलंच.

"ते वर भरती आहेत. दुसऱ्या मजल्यावर." सिस्टरनी हातातलं काम थांबवलं नाही. "मधल्या काळात आठवड्याच्या तीनाचे दोन वार केले होते त्यांनी. जाण्यायेण्यात दिवस जातो, उन्हात थांबवत नाही, म्हणाले. पाणी साठलं फुप्फुसात. आता बरे आहेत."

खोलीत सहा खाटा होत्या. काका खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते, नाकाला नळी. त्यांनी तिला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. ती उभीच राहिली.

"तीनाचे दोन तुम्ही बसमुळे केलेत?"

"मी केले. माझ्या अकलेनं." ते थोडं थांबले, श्वास घेतला. "बसमुळेही केले. खोटं कशाला बोलू?"

"माझं चुकलं, काका. तेव्हाही, आणि त्या दिवशी थांब्यावर गप्प बसले तेव्हाही."

"आता येऊन सांगितलंत म्हणून मी लगेच बरं आहे म्हणायचं का?"

"नाही."

"मग ठीक." ते खिडकीबाहेर बघत राहिले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला खोकला आला आणि थांबला. ती निघायला वळली, तेव्हा मागून आवाज आला. "किती वाजता म्हणालात?"

"एक पन्नास. आणि दोन चाळीस."

"दोन चाळीस आमच्या कामाची नाही," ते म्हणाले. "आणि एक पन्नास थोडी घाईची होते. पट्टी दाबून धरायला वीस मिनिटं लागतात. हे तुमच्या कागदावर लिहा."

तिनं तिथंच पिशवीतून कागद काढून लिहिलं.

महिना संपला. आगारातून मागून आणलेले कंडक्टरांचे कागद तिनं आणि सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर मांडले. एक पन्नासची सरासरी सत्तावीस. दोन चाळीसची अठरा.

सासूबाई बराच वेळ त्या अठराकडे बघत होत्या. "दोन घाल वर," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात कुणाला माहीत नव्हतं, ती माणसं धर. कोण बघतंय?"

मोह तिलाही होता. ती उठली, गॅलरीपर्यंत गेली, परत आली. मग पुन्हा गेली. पहिल्या आठवड्याची गोष्ट खरी होती, म्हणून तिनं ती खाली टीप करून लिहिली नाही, तर पहिल्याच ओळीत लिहिली. आकडा मात्र अठराच ठेवला.

"आकडेबाई ती आकडेबाईच," सासूबाई पुटपुटल्या. पण नंतर त्यांनीच कागदांवर चिमटा लावून दिला.

अधिकारी बाईंनी पहिली ओळ वाचली आणि तरीही दोन चाळीसची फेरी बंद केली. नियम म्हणजे नियम. पण कागद आगारात अण्णांकडे गेला, आणि त्यावरची पट्टीची गोष्ट अण्णांनी वाचली. त्यांनी एक पन्नासची बस दोन वाजून वीसवर सरकवली. त्यांना त्यासाठी कुणाला विचारावं लागलं नाही. तीस मिनिटांपर्यंतचा फेरफार त्यांच्या सहीच्या अधिकारात बसत होता. तरी चार-पाच जण असे राहिले, ज्यांचं अडीचनंतरच आटपायचं. ते अजून पावणेचारपर्यंत थांबतात. सासूबाईंना ते सगळे नावानिशी ठाऊक आहेत, आणि सून समोर दिसली की त्या ती नावं एकदा तरी घेतातच.

मोटारींच्या कामासाठी ती आता बाजारपेठेत हिंडते. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिचे पाय आपोआप नऊ नंबरच्या थांब्याकडे वळले. दोन वीसची बस उभी होती. ती चढली, तिकीट काढलं. जागा जवळजवळ भरल्या होत्या. तिची नजर पुढून मागं सरकू लागली आणि ओठ मोजायला हलले, तेवढ्यात तिसऱ्या रांगेत शिंपीकाका दिसले, छातीशी हात धरून. शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी होती.

ती दांडा धरून उभी राहिली. बस सुटली. पुढच्या वळणावर तिचा तोल जरा गेला, तेव्हा काकांनी तिच्याकडे न बघता पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ते म्हणाले. "पण मोजू नका. निदान माझ्या शेजारी बसून नको."

ती बसली. दोन थांबे गेले. तिसऱ्या थांब्यावर एक बाई काठी टेकत चढू लागली, आणि दोघंही एकदमच उठायला गेले.